पाटी असेल त्याला भाडं नाही

आमच्या घरात पुरसो सिनाय मयेंकराच्या नावाने
अजून खडे फोडतात.
गूळ संपला, पुरसोबाबाने नेला.
दिव्यात तेल नाही, विचार त्या पुरसोबाबाला.
लहानपणी मला वाटायचं,
माळ्यावर राहणारं काहीतरी असेल ते.

होता तो डिचोलीच्या कामरीचा सभासद.
वर काळा कोट, खाली धोतर,
आणि तिसाव्या वर्षी घोकलेलं पोर्तुगीज.
पणजीच्या साहेबापुढे उभा राहिला
की क्रियापदं अडखळायची, तो नाही.
नार्व्याला देवळाच्या अग्रशाळेत शाळा मागितली, मिळाली.
बाकं चार मागितली, दोन आली.
मालवणहून मास्तर आणला, सतत खोकणारा.
महिनाभर मास्तर नुसता खोकत बसला.
मुलं पलीकडे, दिवाडीला,
आणि मध्ये मांडवी.

होडीचं भाडं दोन रेयस. यायचे वेगळे.
तेवढ्यात घरात मीठ येतं.

होडी माझ्या पणजाची. दुलबा तारी.

मग ठराव झाला:
पाटी असेल त्याला भाडं नाही.
नुकसान सरकार भरून देईल, असं खाली बारीक अक्षरात.
(सरकारने काय भरून दिलं ते
आमच्या गुळाच्या डब्याला विचारा.)

पहिल्या आठवड्यात अकरा पोरं आली.
दुसऱ्या आठवड्यात इनासीन आली,
डोक्यावर बांगड्यांची पाटी.
दुलबाने हात पुढे केला, तर म्हणाली,
पाटी असेल त्याला नाही ना भाडं?
मग ही काय, टोपी?

त्या दिवसापासून सगळा बाजार फुकट उतरला.
नारळाची पाटी, मिरचीची पाटी,
एकाने तर रिकामीच आणली, येताना भरेन म्हणून.
कामरीत हशा पिकला.
सिनायबाबांनी बांगडे साक्षर केले, कुणीतरी म्हणालं.

पुरसो दुसऱ्या दिवशी धक्क्यावर आला.
चिऱ्याच्या पायरीवर दुपारपर्यंत बसला.
इनासीनला उतरताना नमस्कार केला म्हणतात,
आणि ठरावात एक ओळ वाढवली:
पाटी कोणतीही चालेल,
माणूस कोणताही चालेल,
पण पैलतीर यायच्या आत
तिच्यावर कोळशाने, खडूने, कशानेही
एक अक्षर काढायचं. रोज वेगळं.
तपासणार तारी.

आता तारी कुठे शिकलेला?

म्हणून रात्री, शेवटची खेप झाल्यावर,
कामरीचा सभासद होडीत बसायचा
आणि माझ्या पणजाला क, ख, ग.
दुलबा वल्ह्यापाशी, पुरसो समोर,
पाटी पुरसोच्या मांडीवर, कंदील मध्ये.
दिवसाही उतारू असेच, त्याच्याकडे तोंड करून.
तर दुलबा सगळी अक्षरं शिकला,
पण उलटी.
पुढे जन्मभर कागद हातात आला
की आधी तो फिरवायचा, मग घडाघडा वाचायचा.
लोक हसायचे. चूक मात्र कधी सापडली नाही.

इनासीन ज्ञपर्यंत पोचली.
तिची टोपली मी पाहिलेली नाही,
पण आजोबा सांगायचे,
कोळशाने काळी झाली होती ती तळापर्यंत.

पुढच्या निवडणुकीत पुरसो पडला.
नवी कामर आली, ठराव गेला.
शाळा राहिली, कशीबशी. मास्तर नाही राहिला.

त्यानंतर एकदाच तो होडीत बसला.
डोळ्यांत मोतीबिंदू, कोट विकलेला.
समोर नाही बसला. दुलबाच्या शेजारी, एकाच फळीवर.
मांडीवर पाटी घेतली
आणि सावकाश, चाचपडत,
प्रत्येक अक्षर डोक्यावर उभं करत लिहिलं,
दुलबाला वाचता यावं म्हणून.

*भाडं घे.*

दुलबाने घेतलं.
दोन रेयस.
आमच्या घरात हे कुणी अभिमानाने सांगत नाही,
आणि लाजेनेही नाही.
घेतलं, एवढंच सांगतात.